पॅव्हिलियनमागची खोली

दसऱ्याच्या संध्याकाळी सोने द्यायला म्हणून आमच्या भुकूमची सात-आठ तरुण पोरे आली, ती पाया पडून झाल्यावर उठेचनात. ओट्यावर मांडी घालून बसली. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. शेवटी त्यांच्यातला एक धीट मुलगा म्हणाला, "नाना, तुमी मुंबईला क्रिकेटच्या क्लबात होता ना? मग आमचा एक गुंता सोडवा."

गुंता असा होता. गावच्या क्रिकेट मंडळाचे जुने अध्यक्ष मुलाकडे कोथरूडला राहायला गेले आणि खुर्ची रिकामी झाली. (खुर्ची हा अलंकार समजावा. मंडळाची मालमत्ता म्हणजे दोन बॅटी, स्टंपांचा एक संच आणि एक ताडपत्री.) त्या जागेसाठी दोन नावे पुढे आली. एक आमचा सलामीचा फलंदाज, पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर जाणारा आणि रविवारी झोप मोडून खेळायला येणारा. दुसऱ्या गृहस्थांनी जन्मात बॅट हातात धरलेली नाही. परंतु रामनदीच्या अंगाला त्यांचे मोठे खाचर आहे. भात निघाला की पहिला पाऊस पडेपर्यंत मंडळाचे मैदान म्हणजे तेच खाचर. आजूबाजूची खाचरे एकेक करून प्लॉट झाली, त्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. हे एवढे एकच उरले आहे.

"आता अध्यक्ष कोनाला करावा?" पोराने विचारले.

मी त्यांना उत्तर दिले नाही, गोष्ट सांगितली. तीच येथे थोडी सविस्तर लिहून काढतो आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर राज्यकारभाराची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. पण खेळाचाही एक कारभार असतो, आणि तो मैदानावर चालत नाही. पॅव्हिलियनच्या मागे एक खोली असते, तिथे चालतो.

त्या खोलीशी माझा संबंध वडिलांमुळे आला. माझे वडील मुंबईत डबे पोचवीत. मुळशी-मावळातल्या कितीतरी घरांतली माणसे या कामाला मुंबईला गेली, त्यांतलेच ते एक. डब्यांची पाटी डोक्यावर घेऊन ते रोज चर्चगेटला उतरत, आणि स्थानकाबाहेर पडले की थोड्या अंतरावर ब्रेबॉर्न स्टेडियम. कसोटी सामना असला की आतून गर्जना ऐकू येई, आणि कोण बाद झाला हे दारावरच्या शिपायाला विचारून ते पुढच्या कचेरीत डब्याबरोबर बातमीही पोचवीत. आत जाऊन सामना त्यांनी आयुष्यात एकदाही पाहिला नाही. तिकीट त्यांच्या ऐपतीबाहेर होते असे नव्हे; ते मिळतच नसे. या 'मिळत नसे'मध्ये मुंबईच्या क्रिकेटचा अर्धा इतिहास दडलेला आहे.

ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली उभे राहिले, समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर. त्याची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची. हा क्लब १९३३ सालचा, श्रीमंत आणि रुबाबदार. मुंबईच्या क्रिकेटचा रोजचा संसार मात्र चालवीत असे बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, १९३० साली स्थापन झालेली. मैदानांवरचे तीनशेहून अधिक क्लब, कचेऱ्यांचे संघ, पावसाळ्यात चिखलात चालणारी कांगा लीग, हे सारे असोसिएशनचे. आणि कसोटी सामन्याची जागा मात्र दुसऱ्याच्या घरची. लग्न आपले आणि कार्यालय शेजाऱ्याचे, तशी ही स्थिती. मग पाहुण्यांच्या पाटांवरून भांडणे व्हायचीच. क्लबवाले तिकिटे देत ती मोजून. असोसिएशनच्या तीनशे क्लबांच्या चिटणिसांनी आपापल्या खेळाडूंना काय तोंड दाखवावे?

१९६३ साली असोसिएशनच्या अध्यक्षपदी बॅरिस्टर शेषराव वानखेडे आले. मूळचे नागपूरकडचे, राजकारणातले. पुढे १९७२ साली ते विधानसभेचे अध्यक्ष झाले, म्हणजे एकाच वेळी दोन सभागृहांत त्यांच्या हाती शिस्तीचा हातोडा होता. ब्रेबॉर्नच्या बाजूला उभे होते विजय मर्चंट. त्यांच्यासारखा तंत्रशुद्ध फलंदाज मुंबईने क्वचितच पाहिला असेल. रणजी स्पर्धेतली त्यांची सरासरी ऐकून आजही माणूस पुन्हा विचारतो. असे सांगतात की काही आमदारांना ब्रेबॉर्नवर एक सामना भरवायचा होता, आणि वानखेडे त्यांना घेऊन मर्चंटांकडे गेले. मर्चंटांनी नकार दिला. बोलण्यात बोलणे वाढले आणि वानखेडे उठले ते "मग आम्ही आमचे स्टेडियम बांधू" या निश्चयानेच. संवाद अक्षरशः असाच झाला असेल असे नाही. अशा गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडी गोलाई घेतात. परंतु पुढे घडले ते काही सांगोवांगी नाही.

चर्चगेट स्थानकाशेजारी, रेल्वेच्या रुळांना अगदी लागून, ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर जागा मिळाली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक पाठीशी उभे राहिले. शशी प्रभू नावाच्या तरुण वास्तुविशारदाने आराखडा केला. सुमारे तेरा महिन्यांत स्टेडियम उभे राहिले. माझे वडील रोज गाडीच्या दारातून ते पाहात आणि रात्री जेवताना सांगत, "आज एक जिना चढला," "आज पायऱ्या घातल्या." स्वतःचे घर बांधावे तशा त्या बातम्या असत. भुकूमच्या आमच्या घराची पडवी त्या साली गळत होती, तिच्याबद्दल ते इतके कधी बोलले नाहीत, असे आई म्हणे.

जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथला पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे अभिनंदन करायला धावत गेलेल्या एका पोराला पोलिसांनी चोपले आणि प्रेक्षक खवळले, मोठी दंगल झाली. सामना आपण हरलो. नव्या वास्तूची वास्तुशांत याहून वाईट होणे कठीण! तरी वडील त्या सामन्याला एक दिवस आत बसले होते. ओळखीच्या क्लबाच्या चिटणिसाने तिकीट दिले होते. ब्रेबॉर्नवर मात्र त्यानंतर कसोटी सामना झाला तो थेट डिसेंबर २००९ मध्ये. मधली छत्तीस वर्षे ते देखणे मैदान नुसते हिरवेगार राहिले.

येथे थोडे सातासमुद्रापलीकडे जातो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ. तिथे संघ मालकीचे असतात आणि खेळाडू कोणता घ्यावा, कोणता विकावा, व्यवस्थापक कोण नेमावा, हे ठरविणाऱ्या कचेरीला ते लोक 'फ्रंट ऑफिस' म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डॉजर्स नावाचा संघ होता. त्याच्या कचेरीत ब्रांच रिकी हे गृहस्थ कारभारी होते. तरुणपणी ते स्वतः या खेळात यष्टिरक्षकासारखी जागा सांभाळीत. गोऱ्यांच्या त्या मोठ्या स्पर्धेत जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला १९४७ साली त्यांनी उतरवले, आणि खेळाचाच नव्हे, त्या देशाचाही इतिहास थोडा वळवला. तीन वर्षांनी, १९५० मध्ये, कचेरीतली सत्ता बदलली. रिकी बाहेर पडले आणि वॉल्टर ओमॅली अध्यक्ष झाले. ओमॅली वकील होते. त्यांना नवे मैदान हवे होते. ब्रुकलिनमध्ये मनाजोगी जागा मिळाली नाही, तेव्हा १९५७ चा हंगाम संपताच त्यांनी आख्खा संघ उचलून तीन हजार मैलांवर लॉस एंजेलिसला नेला. ब्रुकलिनची म्हातारी माणसे पुढे कित्येक वर्षे त्यांच्या नावाने बोटे मोडीत राहिली.

एक खेळाडू जातो, एक वकील येतो आणि मग जागेचा प्रश्न निघतो. हे वाचले तेव्हा मला आमचे बॅरिस्टरसाहेब आठवले. फरक एवढाच की ओमॅलींनी मैदानासाठी गाव सोडले आणि वानखेड्यांनी गल्ली ओलांडली. हे त्यांना साधले, कारण ते मालक नव्हते. तीनशे क्लबांनी निवडून दिलेले अध्यक्ष होते, आणि क्लब काही उचलून नेता येत नाहीत.

आता या गोष्टीचा तो भाग, जो मी आजवर कोणाला सांगितला नव्हता.

१९७१ साली मी पंधरा वर्षांचा होतो. त्या जानेवारीत निवड समितीने टायगर पतौडींना बाजूला करून अजित वाडेकरांना कर्णधार केले. समितीचे अध्यक्ष होते तेच विजय मर्चंट, आणि निर्णायक मत त्यांचे पडले अशी क्रिकेटच्या इतिहासात नोंद आहे. एका मताने कर्णधार बदलला. पतौडी नवाब, आणि वाडेकर बँकेत नोकरी करणारे, शिवाजी पार्कच्या बाजूचे, आमच्यासारख्यांत शोभणारे. त्यांनी आधी वेस्ट इंडिजला तिच्या घरी हरवले. मग ऑगस्टमध्ये इंग्लंडला ओव्हलवर. चोवीस ऑगस्ट, गणेश चतुर्थीचा दिवस. प्रेक्षकांपैकी कोणीतरी मैदानावर खरोखरीची हत्तीण आणली होती! आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले होते. चाळीत आमच्याकडे गणपती बसला होता आणि आरतीच्या मध्येच रेडिओवरून बातमी आली. आरती थांबली नाही, पण तिचा ठेका बदलला हे मला पक्के आठवते.

संघ परतला तेव्हा विमानतळापासून ब्रेबॉर्नपर्यंत मोटारींची मिरवणूक निघाली. वडिलांनी रिकामी पाटी पालथी घातली आणि मला तिच्यावर उभे केले. वाडेकर माझ्यापासून आठ-दहा हातांवरून गेले. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. हजारो लोकांना उद्देशून हलवलेला तो हात माझ्यापुरता माझाच होता.

पुढे तीन वर्षांनी, १९७४ साली, इंग्लंडमध्ये तिन्ही सामने हरले, लॉर्ड्सला संघ ४२ धावांत बाद झाला, आणि ज्या लोकांनी हार घातले त्यांतल्याच काहींनी त्यांच्या घरावर दगड टाकले. लवकरच पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि ते खेळातून निवृत्त झाले. त्या दिवशी मी जेवलो नाही, असे आई सांगे.

मी मोठा झालो, एका कचेरीत कारकून झालो आणि मैदानावरच्या एका लहान क्लबाचा चिटणीस झालो. क्लब म्हणजे एक तंबू, एक माळी, एक रोलर आणि कांगा लीगच्या खालच्या गटातला एक संघ. सामन्याच्या दिवशी अकरावा गडी आला नाही तर चिटणिसाने पांढरी पँट चढवायची. तसे मीही सात-आठदा खेळलो आणि एकूण नऊ धावा केल्या. परंतु या क्लबाला असोसिएशनमध्ये एक मत होते. आणि ते मत, क्लबाच्या ठरावाने, मी टाकीत असे.

वानखेड्यांचे १९८८ मध्ये निधन झाले, तोवर तेच अध्यक्ष होते. पुढे १९९० साली माधव मंत्री आले, दादर युनियनचे, सुनील गावसकरांचे मामा, शिस्तीला कडक. कसोटीपटू अध्यक्षपदावर बसल्याचे हे दुर्मीळ उदाहरण, आणि तेही दोन वर्षांचे. १९९२ साली मनोहर जोशी अध्यक्ष झाले. पुढे ते मुख्यमंत्रीही झाले आणि तरी ही खुर्ची त्यांनी सोडली नाही. मग २००१ ची निवडणूक आली. एका बाजूला माजी मुख्यमंत्री शरद पवार. दुसऱ्या बाजूला अजित वाडेकर.

मतदानाच्या आदल्या रात्री मी झोपलो नाही. वाडेकरांचा हात मला दिसत होता, आणि त्याचबरोबर आमच्या क्लबाचा तंबूही. मैदानावरची जागा आमच्या मालकीची नव्हती, कोणाच्याच मालकीची नसते; ती सरकारी परवान्यावर असते, आणि आमच्या परवान्याचा कागद त्या वर्षी कुठल्यातरी टेबलावर अडकून पडला होता. उद्या तंबू काढा असा हुकूम आला, तर फोन कोणाला करायचा? वाडेकर फोन उचलतील, आपुलकीने बोलतील, कदाचित स्वतः येऊन तंबूजवळ उभेही राहतील. पण मंत्रालयातला साहेब ज्यांचा फोन उभा राहून घेतो, ते पवार. कोणी आम्हाला काही देऊ केले नव्हते, की मागितले नव्हते. माझ्याच मनाने हा हिशोब केला. आणि मी पवारांना मत दिले.

वाडेकर हरले. माझ्या एका मताने नव्हे, अर्थात. पण माझ्यासारखे चिटणीस त्या दिवशी पुष्कळ होते, आणि प्रत्येकाच्या मागे एकेक तंबू होता. आमच्या परवान्याचे काम पुढे आपोआपच झाले. कोणाला फोन करावाच लागला नाही. ही गोष्ट मला अधिक लागते.

त्यानंतर पाहात गेलो तर हेच पुन्हा पुन्हा घडलेले. २०११ साली विलासराव देशमुखांसमोर दिलीप वेंगसरकर उभे राहिले. लॉर्ड्सवर तीन शतके ठोकणारा हा फलंदाज चर्चगेटला हरला. त्या वेळी मी क्लबाच्या कामातून निवृत्त होऊन गावी आलो होतो. २०२२ साली संदीप पाटील उभे राहिले, विश्वचषक जिंकलेल्या १९८३ च्या संघातले, आणि अमोल काळे यांच्याकडून पंचवीस मतांनी हरले. वाचक म्हणतील, मतदार कृतघ्न. तसे नाही. प्रेक्षकांना मत असते तर हे तिघेही बिनविरोध निवडून आले असते. मत असते चिटणिसाला, आणि चिटणिसाला धावा मोजायच्या नसतात. त्याला खेळपट्टीला पाणी, तंबूला जागा आणि सभासदांना तिकिटे द्यायची असतात. ज्या राजकारण्यांना आपण नावे ठेवतो, त्यांच्यापैकी वानखेड्यांनी स्टेडियम बांधले आणि पवारांच्या कारकिर्दीत ते नव्याने उभे राहून २ एप्रिल २०११ चा विश्वचषकाचा अंतिम सामना तिथे झाला, हे मी लपवणार नाही. पण खेळाडूंच्या हाती कारभार आला असता तर काय झाले असते, हे पाहायची संधी आम्ही त्यांना देतो कुठे?

न्यायालयाने मधे हात घातलाच. न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बव्हंशी मान्य केल्या: मंत्री नकोत, सत्तरी उलटलेले नकोत, एका मुदतीनंतर सक्तीची विश्रांती हवी. त्या वर्षाच्या डिसेंबरात पवारांनी मुंबईचे अध्यक्षपद सोडले. २ जानेवारी २०१७ रोजी तर भारतीय नियामक मंडळाचे अध्यक्ष अनुराग ठाकूर आणि चिटणीस, आपल्या पुण्याचे अजय शिर्के, या दोघांना न्यायालयाने एका दिवसात पदावरून दूर केले. त्याच पुण्याच्या संघटनेचे गहुंजे येथील स्टेडियम आमच्या भुकूमच्या उत्तरेला, मधले डोंगर सोडले तर फार दूर नाही. तेही का बांधले गेले? स्वारगेटचे नेहरू स्टेडियम महापालिकेचे, आणि तिथे तिकिटांवरून वाद झाला म्हणून! मुंबईची गोष्ट पुण्याने तीस-पस्तीस वर्षांनी जशीच्या तशी गिरवली.

गहुंजे म्हणताच ओट्यावरची पोरे जागी झाली. ती लहान असताना तिथे पुण्याच्या नावाचा मालकीचा संघ खेळे. त्या संघाच्या मालकांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीला कर्णधारपदावरून काढून स्टीव्ह स्मिथला नेमले, आणि संघ अंतिम सामना एका धावेने हरला. हा अमेरिकी बेसबॉलचाच थाट. ना मतदान, ना ठराव, कचेरीतून एक घोषणा. पोरांना अजून त्या एका धावेचा राग आहे. तो हंगाम संपला आणि तो संघही संपला.

"पर नाना," धीट मुलगा म्हणाला, "वाडेकरांना तुमी नंतर कधी भेटला का?"

भेटलो नाही. १५ ऑगस्ट २०१८ च्या रात्री ते गेल्याची बातमी ऐकली. सकाळी शाळेत झेंडावंदनाला मिळालेला पेढा मी नातवासाठी खिशात ठेवला होता. तो तसाच राहिला.

पोरे बराच वेळ गप्प होती. मग त्यांच्यातला सलामीचा फलंदाज, तो उमेदवार स्वतः, हळूच म्हणाला, "म्हंजे नाना, तुमी मला मत देनार न्हाई."

मी म्हटले, "अरे, मला मत आहे कुठे? मी तुमच्या मंडळाचा सभासदही नाही."

"दहा रुपये वर्गणी हाय," तो म्हणाला.

आत जाऊन मी दहा रुपये आणले. खाचरात आंबेमोहर अजून उभा आहे, कापणी दिवाळीनंतर. सभा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात ठेवली आहे, आणि पावती माझ्या चष्म्याच्या घरात आहे.